सामूहिक वनहक्क: पहिल्या मिटिंगपासून बांबूच्या पहिल्या ट्रकपर्यंत

"दादा, आमच्या गावाला जंगल मिळवायचंय, फॉर्म कुठे मिळतो?" असा फोन आला की मी आधी विचारतो, गावात शेवटची ग्रामसभा कधी झाली आणि किती जण बसले होते. पलीकडे बहुतेक वेळा शांतता. फॉर्म मिळतो हो, दोन-तीन पानांचा आहे, एका संध्याकाळी भरून होतो. पण ज्या गावाला महिन्यातून एकदा शंभर माणसं एका जागी बसवता येत नाहीत त्या गावाने पट्टा (हक्काचा सरकारी कागद) मिळवून कपाटात ठेवलेला मी पाहिलाय, आणि जंगल पहिल्यासारखंच तुटत होतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी. महाराष्ट्र डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कायदा देशभर एकच आहे पण दुसऱ्या राज्यात ऑफिसांची आणि कागदांची नावं बदलतील.

आधी कायद्याचं थोडक्यात. नाव लांबलचक आहे, अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. सगळे वनहक्क कायदाच म्हणतात. नावातला 'मान्यता' हा शब्द नीट बघा. सरकार तुम्हाला नवीन काही देत नाहीये, पिढ्यान्‌पिढ्या जे वापरत आलात ते कागदावर मान्य करतंय, त्यामुळे ऑफिसात गेल्यावर हात जोडून मागायची गरज नाही. नियम २००८ साली आले आणि ६ सप्टेंबर २०१२ ला त्यात मोठी दुरुस्ती झाली. कुणी जुन्या नियमांची झेरॉक्स हातात दिली तर घेऊ नका, दुरुस्तीनंतरचीच घ्या, कारण ग्रामसभेच्या कामाचे बरेच मुद्दे त्या दुरुस्तीतच आलेत.

फॉर्म तीन आहेत. ए म्हणजे वैयक्तिक, कसत असलेल्या जमिनीचा, जास्तीत जास्त ४ हेक्टर. बी म्हणजे सामूहिक हक्क, निस्तार (घरच्या गरजेपुरतं सरपण-लाकूड-चारा आणणं), चराई, मासेमारी, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) वगैरे. आणि सी म्हणजे सामूहिक वन संसाधन, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. जंगल वाचवायचं असेल तर जीव आहे सी मध्ये. खूप गावांनी फक्त बी भरला आणि मग दहा वर्षांनी कळलं की सरपण आणायचा हक्क मिळाला पण जंगल चालवायचा नाही. दोन्ही भरा, एकाच वेळी भरा.

पायरी १: 'गाव' म्हणजे कुठलं ते ठरवा

इथेच पहिली गाडी घसरते. आपल्याकडे गट ग्रामपंचायती आहेत, चार-पाच गावं मिळून एक पंचायत, आणि लोकांना वाटतं पंचायतीची ग्रामसभा तीच आपली ग्रामसभा. या कायद्यात तसं नाही. इथे गाव म्हणजे तुमचं गाव, आणि अनुसूचित क्षेत्रात तर पाडा, टोला, वाडीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. पाच गावांची एकत्र सभा घेऊन दावा केला तर पुढे कुठल्या गावाने कुठलं जंगल राखायचं यावरून भांडण ठरलेलं. पहिली सभा बोलवायचं काम ग्रामपंचायतीचं आहे, तेवढ्यासाठी ग्रामसेवकाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. त्यानंतर गावाचं ठराव रजिस्टर वेगळं करा, पंचायतीच्या रजिस्टरमध्ये मिसळू देऊ नका.

गाव आदिवासी नसेल तरी दावा करता येतो, पण मग १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं तिथे राहत असल्याचं आणि जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. अवघड आहे, अशक्य नाही.

पायरी २: वनहक्क समिती

१० ते १५ जण. अनुसूचित जमातीचे असतील तिथे दोन तृतीयांश त्यांच्यातले आणि एकूणात किमान एक तृतीयांश बाया. अध्यक्ष-सचिव समितीनेच निवडायचे. माझा सल्ला, सचिव असा निवडा ज्याला लिहायचा कंटाळा नाही, बोलघेवडा नको. आणि बाया नुसत्या सहीपुरत्या नकोत, कारण जंगलात रोज कोण जातं? सरपण, मोहफूल, चारोळी, सात्या, रानभाज्या हे सगळं त्यांच्याच डोक्यावरून घरी येतं, पुरुषांपेक्षा त्यांना जंगल कितीतरी जास्त पाठ असतं.

सभेचा कोरम निम्म्या सभासदांचा लागतो आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. ऐकायला सोपं वाटतं. तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) दिवसांत किंवा रोवणीच्या दिवसांत सभा लावून बघा, दहा जण येतात. संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, चावडीपेक्षा गोटुलच्या (गोंड गावातल्या एकत्र जमायच्या घराच्या) किंवा शाळेच्या अंगणात घ्या, जिथे बाया मोकळ्या बसू शकतील.

एक माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या एका गावात रात्र झाली होती म्हणून आम्ही कोऱ्या पानावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे आधी घेतले, ठराव उद्या लिहू म्हटलं. एक आजी उठून म्हणाली, "कागदावर काहीच नाही तर मी अंगठा कशावर लावू?" मी समजूत काढायला गेलो आणि तिने सगळ्यांसमोर मला गप्प केलं, बरोबरच केलं. सावकाराकडे असेच अंगठे लावून लोकांच्या जमिनी गेल्यात. तेव्हापासून ठराव आधी लिहायचा, मोठ्याने वाचायचा, गोंडी किंवा कोरकू किंवा जी गावाची बोली असेल तिच्यात सांगायचा आणि मगच सह्या. वेळ लागतो, लागू द्या.

पायरी ३: पुरावे गोळा करणं, खरं काम इथे आहे

नियमात दिलेल्या पुराव्यांपैकी किमान दोन लागतात. तुम्ही पाच-सहा जोडा. लोक घाबरतात की आमच्याकडे कागदच नाहीत. अहो, कागद सरकारच्या कपाटात आहेत, तुमच्याकडे आठवणी आहेत आणि कायद्यात दोन्हीला जागा आहे.

कागदांमध्ये विदर्भातल्या गावांनी सगळ्यात आधी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज शोधावं. जुन्या मध्य प्रांताच्या काळापासूनच्या या नोंदी आहेत, गावाला कुठल्या जंगलातून काय आणायची मुभा होती, गुरं कुठे चरायची, लाकूड-काटा कुठून, हे त्यात लिहिलेलं असतं. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नाहीतर भूमी अभिलेखात मिळतं. "सापडत नाही" म्हटलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. बाकी गाव नकाशा, वनखात्याचा वर्किंग प्लॅन (कार्य आयोजना, जंगलात कुठे काय काम करायचं याचा आराखडा), गॅझेटियर, जनगणनेचे जुने कागद हे सगळं चालतं. सॅटेलाइटचा फोटो जोडू शकता, पण कुणी म्हणालं की फक्त सॅटेलाइटमध्ये दिसतं तेवढंच मान्य, तर सांगा की २०१२ च्या नियमांप्रमाणे तो इतर पुराव्यांना जोड आहे, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आता आठवणींचं. दोन म्हातारे, तीन-चार बाया आणि मोबाइल चालवणारी दोन पोरं अशी टोळी करा आणि जंगलात जा. एका दिवसात होत नाही, चार-पाच खेपा लागतात. प्रत्येक नाल्याला, टेकडीला, दगडाला नाव असतं ते लिहून घ्या. देव कुठे आहे, देवराई कुठे, मसणवटी कुठे, जुनं ओसाड गाव होतं त्याच्या भिंती किंवा विहीर कुठे, गुरं कुठल्या पाणवठ्यावर जातात, कंदमुळं कुठे, मध कुठल्या कड्यावर, मासे कुठल्या डोहात. नियम १३ मध्ये पवित्र झाडं, तळी, स्मशानभूमी, चराईची जागा, कंदमुळं-फळं-औषधी गोळा करायच्या जागा या सगळ्यांचा पुरावा म्हणून उल्लेख आहे. प्रत्येक ठिकाणी फोटो आणि जीपीएसचा आकडा.

आणि या फिरण्यात एक गंमत होते जी कुठल्या नियमात लिहिलेली नाही. पोरांना पहिल्यांदा कळतं की आपल्या जंगलाला एवढी नावं आहेत. शहरात दुकानावर काम करून परत आलेला एक पोरगा, सारखा मोबाइलमध्ये, तिसऱ्या दिवशी आजोबांना स्वतःहून विचारायला लागला की या नाल्याचं नाव असं का पडलं. पुढे गस्तीच्या पाळ्या तोच लावायचा.

वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्या, सही-अंगठ्यासह. नियमात म्हटलंय की दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचे जबाब. आता सामूहिक दाव्यात अख्खं गावच दावेदार, म्हणून मी नेहमी शेजारच्या गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांचेही जबाब जोडायला सांगतो, म्हणजे पुढे कुणी बोट ठेवायला नको.

पायरी ४: हद्द आणि शेजारी

वनखात्याशी होणाऱ्या वादापेक्षा शेजारच्या गावाशी होणारा वाद जास्त दाव्यांचा घात करतो असा माझा अनुभव आहे. आपली पारंपरिक हद्द सरकारी कक्षांच्या (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या क्रमांकी तुकड्यांच्या) रेषेवरून जात नाही, ती नाल्यावरून, टेकडीच्या धारेवरून जाते, आणि बऱ्याच ठिकाणी एकच जंगल दोन-तीन गावं वापरतात. अशा वेळी दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून कोण काय वापरतं ते लिहायचं आणि आपापल्या ग्रामसभेपुढे ठेवायचं, नियमातच तशी सोय आहे. मिटलं नाही तर उपविभाग समितीकडे जातं. तिकडे जाऊ देऊ नका. सोयरिक असलेल्या माणसांना मध्ये घाला, दोन्ही गावांच्या बाया एकत्र बसवा, सामाईक तुकडा सामाईकच लिहा.

गुरं घेऊन हंगामात येणारे लोक असतील तर त्यांनाही विसरू नका, कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचे हक्क आहेत आणि त्यांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असताना करायची असते. गावाला वाटतं हे बाहेरचे. त्यांना वगळून केलेली चराईबंदी रात्री मोडते.

नकाशा हाताने काढलेला चालतो. दिशा, नाले, शेजारची गावं, कक्ष क्रमांक एवढं असलं पाहिजे. कक्ष क्रमांक बीटगार्डकडून (वनरक्षकाकडून) मिळतात, त्याच्याशी पहिल्यापासून बोलून-चालून राहा, तोही एवढ्या मोठ्या जंगलामागे एकटा पळणारा माणूस असतो.

पायरी ५: पडताळणी

समितीने वनखातं आणि महसूल खातं दोघांना लेखी नोटीस द्यायची, अमुक तारखेला जागेवर पडताळणी आहे, या. आले तर त्यांनी हुद्दा-तारखेसह सही करायची. आले नाहीत तर? घाबरू नका, पंचनामा करून टाका. नंतर त्यांनी "आम्ही हजर नव्हतो" म्हणून हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो, आणि त्या वेळीही ते आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. नियम १२-ए. हा नियम छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावा, मी गंमत करत नाहीये. मात्र नोटिशीची पोच हवी, नाहीतर या नियमाचा काही उपयोग नाही.

मग ग्रामसभा, ठराव, आणि फाइल उपविभागस्तरीय समितीकडे, म्हणजे प्रांत ऑफिसात. दोन पूर्ण संच तयार करा, पान क्रमांक घाला, एक संच गावात.

पायरी ६: वाट बघणं

उपविभागाकडून जिल्हास्तरीय समितीकडे, जिथे जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. दर महिन्याला दोन जणांनी जाऊन चौकशी करायची, दर वेळी वेगळी जोडी पाठवा म्हणजे गावात दहा-बारा जणांना ऑफिस कळतं. एका ऑफिसात आमची अख्खी फाइल गहाळ झाली होती, दुसरा संच होता म्हणून वाचलो.

दावा अपुरा वाटला तर वरच्या समितीने कारणं लिहून ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. तोंडी "रिजेक्ट झालाय" हे उत्तर ऐकून घरी येऊ नका, लेखी मागा. उपविभाग समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. पाचगावने, चंद्रपूर जिल्ह्यातलं, २००९ ला दावा केला आणि २०१२ ला हातात कागद आला. तीन वर्षं. तेवढी तयारी ठेवा.

पायरी ७: पट्टा हातात आला की आधी वाचा

ढोल नंतर वाजवा. पट्टा ग्रामसभेच्या नावाने आहे का? क्षेत्र किती, तुम्ही मागितलेलं सगळं आहे की दोन-तीन कक्ष गाळलेत? आणि अटी. काही पट्ट्यांवर "वनखात्याच्या कार्य आयोजनेप्रमाणेच काम करावे" अशा धाटणीच्या अटी घातलेल्या असतात, ज्या कायद्यात नाहीत. असं काही दिसलं तर लगेच ठराव करून दुरुस्तीचं पत्र द्या, वर्षभराने आठवलं तर कुणी ऐकत नाही.

पायरी ८: आता राखायचं कसं

आतापर्यंत झाली तयारी. नियम ४(१)(ई) खाली ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमायची, जी जंगलाचा आराखडा करते आणि अंमलात आणते. आराखडा म्हटलं की लोक शंभर पानांचा ग्रंथ एखाद्या संस्थेकडून लिहवून घेतात, जो गावात कुणी उघडत नाही. चार पानांचा चालेल. जंगलाचे तुकडे पाडा: हा तुकडा पाच वर्षं पूर्ण बंद, यात चराई चालेल, यात बांबू तोड, हा देवाचा, इथे कुऱ्हाड नाही म्हणजे नाही.

बंदीबद्दल एक मनापासून सांगतो. कुऱ्हाडबंदी करताना गावात पहिला प्रश्न हा विचारा की आत्ता झाडं तोडतंय कोण. उत्तर बहुतेक वेळा "आपलेच" हे असतं. मोळी विकणारी दोन-चार घरं असतात, भूमिहीन, दुसरं काही हातात नसलेली. त्यांना आधी दंड लावून तुम्ही जंगल वाचवायला निघालात तर ते रात्री तोडतील आणि तुमच्यावर डूख धरतील ते वेगळं. गस्तीची मजुरी, रोपवाटिका, बांबू तोड, रोहयोची मृदसंधारणाची कामं, जे पहिलं काम येईल ते या घरांना द्या, आणि मग कुऱ्हाड खाली ठेवायला सांगा. आधी चूल, मग बंदी. हा क्रम उलटा केलेली गावं एकाच उन्हाळ्यात परत जुन्या वळणावर गेलेली पाहिलीत.

दंड लहानापासून मोठा असा ठेवा. पहिल्यांदा ग्रामसभेत उभं राहून कबुली, दुसऱ्यांदा थोडी रक्कम, तिसऱ्यांदा जास्त. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असल्याच सामाईक मालकीच्या गोष्टी लोक कशा सांभाळतात याच्या अभ्यासावर, आणि जिथे टिकलं तिथे काय असतं या त्यांच्या यादीत राखण करणारे वापरणाऱ्यांनाच जबाबदार असणं आणि शिक्षा पायरीपायरीने वाढत जाणं हे दोन्ही आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी हे नोबेलची वाट न बघता केलं, वनहक्क कायदा यायच्याही कितीतरी आधी, स्वतःचे नियम, स्वतःची राखण, स्वतःचा दंड. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली.

सगळ्यात मोठा शत्रू कुऱ्हाड नाही, वणवा आहे. आणि आपल्याकडे वणवा आकाशातून पडत नाही. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलला, झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात म्हणजे पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात, आणि ती आग पुढे पळते. तेंदूला नवी पानं चांगली फुटावीत म्हणूनही आगी लावल्या जातात. उपाय साधा आहे, पाला झाडून बाजूला करायचा किंवा झाडाखाली जुनी साडी नाहीतर नेट अंथरायचं. नेटवर पडलेलं फूल स्वच्छ राहतं, माती लागत नाही, भाव बरा मिळतो, म्हणून लोक ऐकतात. नुसतं "आग लावू नका" म्हणून कुणी ऐकलेलं मला आठवत नाही. सोबत फेब्रुवारी संपायच्या आत जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढून ठेवा आणि होळीपासून पाऊस पडेपर्यंत गस्त दुप्पट करा.

पायरी ९: कमाई

बांबू, तेंदूपत्ता, मोह, मध, लाख, डिंक, औषधी मुळ्या, हे सगळं कायद्याने गौण वनोपज आहे आणि मालकी ग्रामसभेची. बांबू गवतात की झाडात यावर कितीतरी वर्षं वाद चालला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ ला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधीच्यांपैकी, तरी बांबू विकायची परवानगी हातात पडायला २०११ चा एप्रिल उजाडला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला दिलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच गावची. तिथे बहुमताने नाही, सगळ्यांच्या सहमतीने ठरतं, आणि ठरवायच्या आधी अभ्यास गटात चर्चा होते. ज्यांना जमेल त्यांनी दोन दिवस जाऊन बसावं.

बांबू तोडताना लालूच आवरा. यंदाचा आणि मागच्या वर्षीचा कोवळा बांबू सोडायचा, तीन वर्षांच्या वरचाच तोडायचा, तोसुद्धा अख्खं बेट साफ न करता, जमिनीपासून वीतभर वर, पहिल्या पेराच्या वरून. पावसाळ्यात कोंब फुटतात तेव्हा बेटात पाय ठेवायचा नाही. पहिल्या वर्षी भाव बघून सगळं तोडलं तर पुढची चार वर्षं बसून राहाल.

तेंदूत पैसा पटकन येतो, मे महिन्यात दोन-तीन आठवडे, आणि वर्षभराचं मीठ-मिरची त्यातच निघतं म्हणून सगळ्यांची नजर तिकडेच असते. ७० पानांचा एक पुडा, असे १,००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. २०१३ च्या सुमाराला विदर्भातल्या काही ग्रामसभांनी स्वतः लिलाव करायला सुरुवात केली. एकट्या गावाने लिलाव केला तर ठेकेदार भाव पाडतो, म्हणून आसपासच्या ग्रामसभांनी एकत्र जाहिरात द्यावी. करार हंगामाच्या आधी, लेखी, अनामत रक्कम बँकेत जमा झाल्यावरच. माल गोदामातून हलायच्या आधी त्या मालाचे पैसे आले पाहिजेत ही अट अजिबात सोडू नका. एका ठेकेदाराने आमच्याकडच्या तीन गावांचे पैसे दोन वर्षं लटकवले, अट करारात होती पण "भल्या माणसा"वर विश्वास ठेवून माल आधी सोडला होता.

आणि तेंदू केलाच पाहिजे असंही नाही. वर सांगितलेल्या पाचगावने विचार करून तेंदू तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी झाडांची छाटणी आणि आगी, आणि पान शेवटी जाणार विडीत. ते बांबूवर राहिले. अमरावतीकडच्या पायविहीरला तर मिळालं उजाड माळरानासारखं जंगल, तिथे लोकांनी झाडं वाढवली आणि सीताफळं गोळा करून विकली. तुमच्याकडे काय आहे ते तुमच्या फिरण्याच्या वहीत आलेलंच असेल, दुसऱ्याचं बघून ठरवू नका. हिरडा, चारोळी, मध असल्या मालात एकच लक्षात ठेवा, कच्चा माल त्याच दिवशी बाजारात नेणाऱ्याला भाव मिळत नाही. वाळवून, निवडून, पोत्यात भरून दोन महिने थांबायची ताकद यायला हवी, आणि ती बचत गटाकडून येते.

पायरी १०: हिशोब

कंटाळवाणं आहे पण वाचा. ग्रामसभेच्या नावाने बँक खातं, तीन सह्या, त्यातली एक बाईची. पॅन कार्ड काढा. तेंदू विकताना खरेदीदाराकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल करून सरकारकडे भरायचा आयकर) घ्यावा लागतो, हे माहीत नसल्यामुळे ग्रामसभांना आयकराच्या नोटिसा येऊ शकतात, म्हणून तालुक्याच्या एखाद्या सीएला पहिल्याच वर्षी गाठा, त्याची फी वाचवू नका. मजुरी थेट खात्यात टाका, पण कुणाला किती पुड्यांचे किती मिळाले ती यादी सभेत मोठ्याने वाचा. उरलेल्या पैशाचं काय करायचं ते नियमाप्रमाणे ग्रामसभाच ठरवते, समिती नाही. मी तरी पहिल्या वर्षी काही भाग गस्तीच्या मजुरीला बाजूला काढायला लावतो, मंदिर-मंडपाची चर्चा दुसऱ्या वर्षी.

गावं फुटली ती मी पाहिलेली बहुतेक याच पायरीवर, आणि दर वेळी चोरी झालेली होती असंही नाही, नुसता हिशोब सांगितला नव्हता.

राहिला वाहतूक परवाना, म्हणजे टीपी. २०१२ च्या नियमांप्रमाणे गौण वनोपजाचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देतो. पुस्तक छापून घेताना प्रत्येक पानाच्या तीन प्रती ठेवा, क्रमांक छापलेले. पहिला ट्रक भरला की एक प्रत ड्रायव्हरकडे, एक रेंज ऑफिसला माहितीसाठी, एक पुस्तकातच. गाडीचा नंबर, नग किती, कुठे चालली, आणि ट्रक गावाबाहेर पडायच्या आत नगांची मोजणी दोन वेगळ्या माणसांनी करून जुळवायची. त्याच संध्याकाळी तो आकडा शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहा, पोरं घरी जाताना वाचतात आणि आयांना सांगतात.